जयपुरातील एक पंक्चर



जयपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन वस्तू उभ्या राहतात. एक, गुलाबी रंगाचे शहर. आणि दुसरी, त्या शहराचे नाव घेऊन आपल्या घराघरांत पोचलेली ती हलकी, मऊ, रंगीबेरंगी रजई. पहिल्या वस्तूविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला दुसरीविषयी थोडी तक्रार करावयाची आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून माझी ह्या शहरी बदली झाली, आणि पहिल्याच हिवाळ्यात माझ्या ध्यानात आले की माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवण्याचे जे सामर्थ्य ह्या रजईत आहे, ते आमेरच्या तटबंदीतही नसावे. पौषात येथे रात्रीचा पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. अशा वेळी सरकारी नोकराने काय करावे? त्याने साडेसातपर्यंत रजईत राहावे, मग शालीत यावे, मग मोटारीत बसावे, आणि मोटारीतून उतरून विजेच्या शेगडीपाशी खुर्ची ओढून घ्यावी. मी हेच करीत होतो. जयपूरचा उन्हाळा माणसाला घराबाहेर पडू देत नाही, आणि हिवाळा बाहेर पडावेसे वाटू देत नाही. मधल्या मधे वर्ष निघून जाते.

दुसऱ्या हिवाळ्यात रक्ततपासणीचा कागद हाती आला. त्यातील आकड्यांचा तपशील सांगून आपला वेळ घेत नाही. वैद्य एवढेच म्हणाले, की तुम्हांला अद्याप रोग झालेला नाही, परंतु तो तुमच्या घराचा पत्ता विचारीत गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला आहे. त्या सायंकाळी घरी आल्यावर मी पत्नीस सांगितले, की मी सायकल घेणार. ती म्हणाली, "अहो, ह्या वयात?" माझे वय तेव्हा ४६ होते.

वस्तुतः हा प्रश्न माझ्या वडिलांना कधी कोणी विचारला नव्हता. ते पुण्यात एका कचेरीत कारकून होते आणि निवृत्त होईपर्यंत सायकलवरून कामावर गेले. त्या पिढीच्या पुण्यात सायकल ही आरोग्याची बाब नव्हती. ती मंडईतून भाजी आणण्याची, मुलाला शाळेत सोडण्याची, आणि लकडी पुलावर वाऱ्याशी भांडण्याची बाब होती. तासाच्या भाड्याने सायकली मिळत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेले तर पोलीस अडवीत, आणि जुन्या सायकलींच्या मडगार्डावर पालिकेचा पितळी बिल्ला असे. व्यायाम हा शब्द त्या सगळ्यांत कोठेही नव्हता. तो त्यांच्या दिवसात न सांगता घडत असे. माझ्या दिवसातून तो केव्हा गेला, हे मला सांगता येत नाही. स्कूटर आली तेव्हा, की पहिली बढती मिळाली तेव्हा?

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. म्हणून सायकल विकत घेण्याआधी मी तिचा इतिहास वाचला. ही सवय आमच्या खात्यात विलंबाचे कारण म्हणून नोंदली जाते. वाचताना एक मौजेची गोष्ट आढळली, ती ही, की सायकलच्या कुळाच्या आरंभीच थंडी आहे. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुळीने सूर्यप्रकाश अडला, आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली. ओट महागले, आणि घोड्यांना काय घालावे हा प्रश्न पडला. पुढच्याच वर्षी, १२ जून १८१७ रोजी, जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन द्रायस नावाचा एक सरकारी नोकर — तो वनखात्यातला होता — लाकडी दुचाकीवर बसून, पायांनी जमीन मागे ढकलीत, शहराबाहेर गेला आणि परत आला. घोड्यांच्या टंचाईमुळेच त्याला ही कल्पना सुचली असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. तर्क सिद्ध झालेला नाही. पण एका सरकारी नोकराने गारठलेल्या काळात बाहेर पडण्यासाठी दोन चाके एकापुढे एक जोडली, हे मला पुरेसे उत्तेजक वाटले.

द्रायसच्या गाडीस पायडल नव्हते. ते १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये आले. मग पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे, अशी ती धोक्याची गाडी आली, जिच्यावरून पडणे हा चालविण्याचाच एक भाग होता. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन लावलेली सायकल सिद्ध केली, आणि आज आपण जिच्यावर बसतो ती मुख्यतः तीच आहे. ह्या इतिहासात अधिक रमत नाही. आपल्याकडे ह्या यंत्राने काय केले त्याचे एकच उदाहरण देतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. वाटेत काही गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे फिरून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. प्रवास भरला सुमारे ७१ हजार किलोमीटर. मला बजाजनगरातून कचेरीपर्यंत जावयाचे होते.

आता रस्त्यांविषयी. सायकलीस रुंद आणि सपाट रस्ता लागतो, आणि योगायोग असा, की द्रायसच्या आधी बरोबर ९० वर्षे, १७२७ साली, सवाई जयसिंगाने असे रस्ते आखून ठेवले होते. विद्याधर भट्टाचार्य ह्या बंगाली पंडिताच्या साह्याने त्याने डोंगरावरचे आमेर सोडून खाली सपाटीवर चौकड्यांचे शहर वसविले. सूरजपोलापासून चांदपोलापर्यंत सरळ जाणारा मुख्य रस्ता सुमारे ११० फूट रुंद. त्याखालचे रस्ते त्याच्या निम्म्याने, त्याखालचे त्याच्याही निम्म्याने. शहर आठ वर्षांचे असताना, म्हणजे १७३५ साली, पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई तीर्थयात्रेच्या वाटेवर येथे आल्या होत्या आणि जयसिंगाने त्यांचा मोठा सन्मान केला होता. पेशव्यांच्या मातोश्रींनी हे ताजे, सरळ रस्ते पाहिले असतील तेव्हा पुण्याच्या बोळांतून गेलेल्या त्या माउलीस काय वाटले असेल, असा विचार जोहरी बाजारातून जाताना माझ्या मनात येतो. आज त्या ११० फुटांतील बरेचसे मोटारी उभ्या करण्यात जातात. परंतु रविवारी सकाळी सात वाजता तेथे कोणी नसते. सांगानेरी दरवाजातून आत शिरावे, बडी चौपडीपर्यंत सरळ जावे, आणि डावीकडे पाहावे: हवामहलाचे तोंड पूर्वेकडे असल्यामुळे उगवत्या सूर्याचे पहिले ऊन त्याच्या झरोक्यांवर पडलेले असते. पुढे जोरावरसिंह दरवाजा, आणि त्यापुढे जलमहाल, धुक्यात अर्धा बुडालेला.

ह्या वाटेवर, शहरात शिरण्यापूर्वी, रामनिवास बाग लागते. बागेजवळ सवाई मानसिंह रुग्णालय आहे. मी आज ज्या हकीकतीसाठी आपणांपुढे बोलावयास आलो, ती ह्या रुग्णालयातील आहे.

१९६०च्या दशकात तेथे डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगांचे शल्यविशारद होते. पाय कापावा लागलेल्या रुग्णांना त्या काळी विलायती पद्धतीचा कृत्रिम पाय देत. तो पाय विलायतेत ठीक होता. त्यावर बूट चढवावा लागे, त्याचा घोटा वाकत नसे, पाण्यात तो खराब होई, आणि किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. राजस्थानातील शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. त्याला तो पाय काय कामाचा? रुग्ण पाय घेऊन घरी जात, तो कोपऱ्यात उभा करून ठेवीत, आणि कुबड्या घेऊन पुन्हा हिंडू लागत. रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. रुग्णांना हस्तव्यवसाय शिकविणे हे त्यांचे काम. शाळेतील शिक्षण बेताचे, पण हात असा, की जे डोळ्यांनी पाहतील ते घडवतील. सेठी शरीरशास्त्र जाणत होते, शर्मा पदार्थ जाणत होते. लाकूड, स्पंज, रबर असे एकेक करून ते पाहू लागले. रबराचा पाऊल-आकार तयार होई, पण थोड्या दिवसांत फाटे.

पुढचा भाग खुद्द मास्टरजींच्या हवाल्याने अनेकवार छापून आला आहे. ते सायकलवरून रुग्णालयात येत असता चाकात खिळा गेला. पंक्चर काढून घ्यावयास ते रस्त्याकडेच्या दुकानाशी थांबले. तेथे दुकानदार मालमोटारीच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवीत होता, म्हणजे ज्याला आपण रिमोल्ड म्हणतो ते करीत होता. मास्टरजी पंक्चर विसरले आणि ते रबर पाहत राहिले. जे रबर दगडमातीच्या रस्त्यावर टनावारी ओझे वाहते, त्याला एका माणसाचे वजन ते काय? ते रुग्णालयात गेले आणि पावलाचा साचा घेऊन डॉक्टरांसह त्या दुकानी परत आले. १९६८च्या सुमारास जे पाऊल सिद्ध झाले, त्यास आज जग 'जयपूर फूट' म्हणते. आत लाकूड आणि स्पंजासारखे रबर, बाहेरून पक्के केलेले टायरचे रबर, रंग कातडीचा, आकार पावलाचा. घोट्यापाशी ते वाकते. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतातल्या पाण्यात उतरता येते, झाडावर चढता येते. आणि सायकलीचे पायडल मारता येते.

येथे क्षणभर मागे जाऊ या, कारण ह्या रबराचाही इतिहास आहे. कच्चे रबर थंडीत कडक होऊन तडकते आणि उन्हात चिकट होऊन ओघळते. जयपूरसारख्या हवेत ते कोणत्याच ऋतूत टिकले नसते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून त्यास उष्णता दिली, तेव्हा ते दोन्ही ऋतूंस पुरून उरणारे झाले. ह्यालाच व्हल्कनायझिंग म्हणतात. रस्त्याकडेच्या टायरवाल्यांच्या पाट्यांवर हा शब्द आपण सर्वांनी नाना प्रकारच्या शुद्धलेखनात वाचलेला आहे. मग १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने, आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस दगडी रस्त्यावर हादरे बसतात हे पाहून, तिच्या चाकांस हवेने भरलेली रबरी नळी बांधली. एका मुलाच्या अंगास धक्का बसू नये म्हणून टायर जन्मास आला, आणि ८० वर्षांनी एका टायरवाल्याच्या दुकानात त्याचे पाऊल झाले. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना जेवढी पाने मिळतात त्यांतील दोन-चार पाने ह्या प्रकरणास मिळावीत, असे मला फार वाटते.

श्रेय कोणाचे किती, ह्यावर पुढे वाद झाले. त्यांत मी शिरत नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, आणि २००८ साली ते निवर्तले. पण पाऊल सिद्ध होणे आणि ते गरजवंतापर्यंत पोचणे ह्यांत अंतर असते. ते अंतर कापले देवेंद्र राज मेहता ह्या सनदी अधिकाऱ्याने. अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जावयाचा होता, तो वाचला. १९७५ साली त्यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तेथे माणूस येतो, माप घेतात, पाय बसवितात, आणि पैसे घेत नाहीत. पुढे अफगाणिस्तानातील सुरुंगांनी पाय नेलेल्या माणसांपर्यंत हे पाऊल गेले. मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन १९८१च्या अपघातात पाय गमावल्यावर १९८४ साली ह्याच पावलावर पुन्हा रंगमंचावर नाचली, हे आपणांपैकी अनेकांस आठवत असेल.

मला हे सारे पुस्तकातून कळले नाही. आमच्या कार्यालयात टपाल नेणारे एक गृहस्थ आहेत. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या. सायकल घेतल्यावर पहिल्या आठवड्यात टोंक रोडवर त्यांनी मला मागून गाठले आणि घंटी वाजवून म्हणाले, "साब, सीट नीची है, घुटने जाएँगे." तेथेच थांबून त्यांनी माझी सीट दोन बोटे उंच करून दिली. टाच पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे, हे माप त्यांनी मला शिकविले. तेव्हा वाकलेले असताना त्यांच्या विजारीची कड वर सरकली आणि मला ते पाऊल दिसले. गुडघ्याखालचा पाय तरुणपणी मालमोटारीखाली गेला होता. रोज सांगानेरकडून सायकलने येतात. डाव्या पायडलवर जुन्या ट्यूबची पट्टी बांधलेली, पाऊल निसटू नये म्हणून. त्यांना विचारले, थंडीत त्रास होत नाही का? म्हणाले, पहिली दहा मिनिटे उरलेला पाय ठणकतो. मग आतून गरम होतो, आणि मग दिवसभर बरा राहतो. ज्या दिवशी बसने येतो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आखडलेलाच राहतो.

त्या पहिल्या दहा मिनिटांत सारे शास्त्र आलेले आहे. स्नायू काम करतो तेव्हा खर्च झालेल्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा पायडल फिरविण्यास लागतो. बाकीची उष्णता होते. म्हणजे सायकलस्वार हा दोन चाकांवरची शेगडीच. म्हणून घराबाहेर पडताना थोडे गारठल्यासारखे वाटेल एवढेच कपडे घालावेत, आणि कान व बोटे मात्र झाकावीत, कारण वारा प्रथम तेथे धरतो. मी पहिल्या दिवशी दोन स्वेटर, मफलर आणि कोट घालून निघालो, आणि रामनिवास बागेपाशी घामाघूम होऊन कबुतरांच्या गर्दीत कोट काढीत उभा राहिलो. त्याच घामाने पुढे थंडी वाजली. सायकलीचा आणखी एक गुण आहे, तो चाळिशीपुढच्यांनी ध्यानात घ्यावा. शरीराचे ओझे सीट वाहते. गुडघ्यांना धावण्याचे धक्के बसत नाहीत. हृदय आणि फुप्फुसे मात्र पुरते काम करतात.

किती काम करावे, ह्याचे माप आपल्या जुन्या वैद्यकाने फार सुंदर सांगितले आहे. वाग्भटाच्या मते बलवान माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून मंद. अर्धी शक्ती ओळखावयाची कशी? कपाळावर घाम यावा, तोंडाने श्वास घ्यावा लागू लागावा, तेथे थांबावे, असे सुश्रुताच्या परंपरेत म्हटले आहे. आजचे वैद्य सांगतात, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग ठेवा. दोन्हींत मला तरी भेद दिसत नाही. हेमंतात भूक प्रदीप्त होते, हेही ती मंडळी जाणत होती. जयपुरात ह्याची परीक्षा पौषात होते, कारण त्या महिन्यात येथील देवळांत पौषबडा नावाचा प्रसाद वाटतात: गरम डाळीचे वडे आणि शिरा. सायकलवरून आलेल्या माणसास तो घेताना अपराधी वाटत नाही.

पाश्चात्त्य विज्ञानाकडे वळलो तर तेथेही पहिली साक्ष चाकांवरचीच आहे, जरी ती बसगाडीची असली. जेरी मॉरिस ह्या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील हजारो नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच गाडीवर दोन माणसे, पगार जवळपास सारखा, राहणी सारखी. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढउतार करणारा. हृदयविकार वाहकांत चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाला. मग मॉरिस सरकारी नोकरांकडे वळले, आणि येथे मी कान टवकारले. मेजावर बसून काम करणाऱ्या ब्रिटिश सनदी नोकरांतील ४५ ते ६४ वयाचे ९ हजारांहून अधिक पुरुष त्यांनी वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवले. १९९० साली निष्कर्ष छापले: जे जोमाचे खेळ खेळत किंवा बऱ्यापैकी सायकल चालवीत, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी होते. तरुणपणी खेळलेल्या, पण पुढे सोडून दिलेल्या खेळांचा मात्र उपयोग दिसला नाही. हे वाचून माझ्या महाविद्यालयीन खो-खोच्या ढाली मी कपाटातून काढून माळ्यावर टाकल्या. २०१७ साली ग्लासगोच्या संशोधकांनी सुमारे २ लाख ६३ हजार माणसांच्या नोंदी पाहिल्या. त्यांतही सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. जो मुळातच धडधाकट असतो तोच सायकल चालवितो, असाही आक्षेप घेता येतो, आणि संशोधकांनी तो शक्य तेवढा वजा करून पाहिला आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

परंतु आकड्यांनी कोणी सायकलवर बसत नाही, आणि आकड्यांनी कोणी उतरतही नाही. उतरतो तो लाजेने. त्याची एक हकीकत सांगतो. एका सरकारी इमारतीत मला कामासाठी वरचेवर जावे लागते. सायकलवरून प्रथम गेलो त्या दिवशी टपालवाले गृहस्थ बरोबर होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दुरूनच हात केला: सायकली मागच्या दाराने. आम्ही वळलो. तेवढ्यात त्याने कानटोपीखालचा माझा चेहरा ओळखला, सलाम केला, आणि पुढचे फाटक उघडले. मी आत गेलो. ते गृहस्थ इमारतीस वळसा घालून मागच्या दाराने आले. त्या पावलाने तो वळसा ते कित्येक वर्षे घालीत आहेत. मी त्या वेळी काही बोललो नाही. फाटक उघडले गेले आणि मी त्यातून गेलो, एवढेच घडले. नंतर सायकलस्वारांस पुढच्या फाटकाने सोडावे अशी एक टिपणी मी लिहिली. ती अद्याप एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात आहे. मी मात्र त्या दिवसापासून मागच्या दाराने जातो.

सायकल ही गरिबीची खूण केव्हा झाली? वडिलांच्या पुण्यात ती तशी नव्हती. स्वातंत्र्यानंतर तर ती उभारणीची खूण होती: १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियानात हीरो असे कारखाने निघाले, आणि नव्या सायकलीस हार घालून तिची पूजा होत असे. २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

आणि तरी, ज्यांना ती नव्याने मिळते त्यांच्याकडे पाहिले की तिची मूळची किंमत कळते. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या; तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी तो आग्रह धरला होता. बिहारने २००६ साली नववीतील मुलींस सायकली देण्यास आरंभ केला, आणि माध्यमिक शाळांत मुलींची संख्या ठळकपणे वाढली. राजस्थानातही सरकारी शाळांतील नववीच्या मुलींस सायकली मिळतात. शहराबाहेर पडलात तर डिसेंबरच्या धुक्यात त्या दिसतात: निळसर स्वेटर, दोन वेण्या, तीन-तीनच्या ओळी, आणि मोठ्याने चाललेले बोलणे. त्यांना आरोग्याचे फायदे कोणी सांगितलेले नाहीत. त्या मला मागे टाकून जातात.

ह्या शहरात हिवाळी सायकलस्वाराने दोन गोष्टींपासून जपावे. एक, अगदी पहाटे निघू नये. थंडीत धूर जमिनीशी साचतो, ऊन वर आले की हवा निवळते. दुसरी, संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा. त्या दिवसांत सारे जयपूर गच्चीवर असते आणि तुटलेला दोरा रस्त्यावर गळ्याच्या उंचीने आडवा येतो. मी गळ्याला मफलर गुंडाळतो आणि हळू जातो. काही जण हँडलवर तारेची कमान लावतात, तेही चांगले.

गेल्या पौषात एका रविवारी जलमहालाहून परतताना माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. सायकल हातात धरून जोरावरसिंह दरवाजापर्यंत आलो. तेथे भिंतीला टेकून एक म्हातारा पंक्चरवाला बसतो. पुढ्यात पाण्याचे घमेले, कानस, सोल्युशनची डबी. घमेल्यातले पाणी इतके गार होते की त्यात बोटे घालण्यापूर्वी त्याने ती तोंडाशी नेऊन फुंकली. ट्यूब पाण्यात फिरवू लागला. बुडबुडे लगेच दिसेनात. शेजारी एक बंद दुकान होते, पाटीवरची अक्षरे गेलेली. विचारले, तर म्हणाला, तेथे पूर्वी टायरवर रबर चढवीत. मी विचारले, मास्टरजींची गोष्ट ठाऊक आहे का? तो म्हणाला, ठाऊक आहे, पण ते दुकान हे नव्हे; असे विचारणारे पुष्कळ येतात. मग त्याने ट्यूब पुन्हा बुडविली, आणि एका बारीक छिद्रातून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. त्याने तेथे पेन्सिलीने खूण केली, कानशीने घासले, ठिगळ लावले, पंपाने हवा भरली, आणि अंगठ्याने चाक दाबून पाहिले. ऊन तोवर दरवाजाच्या कमानीखाली आले होते. सुटे पैसे देऊन मी सायकलवर बसलो.